पाठमोरे बालपण

आमच्या जुन्या घराच्या परसात, विहिरीला लागून, एक दगडी हौद होता. आणि त्या हौदाच्या काठावर पोटावर ओणवा होऊन, हातातून निसटलेले पितळेचे फुलपात्र पाण्यात शोधणारा चार वर्षांचा एक मुलगा मला आजही स्वच्छ दिसतो. त्याच्या ढगळ चड्डीचा पट्टा खांद्यावरून घसरला आहे आणि अधांतरी हलणाऱ्या तळपायांना ओली माती चिकटली आहे. हा मुलगा मीच. परंतु पाण्यात डोळे लावून बसलेल्या मुलाला स्वतःची पाठ नि स्वतःचे तळपाय दिसावेत कसे, हा साधा प्रश्न पन्नाशी उलटेपर्यंत मला पडला नाही.

सिग्मंड फ्रॉइडला तो १८९९ साली पडला होता. लहानपणाच्या आठवणींवरील एका निबंधात त्याने असे प्रतिपादन केले की, ज्या आठवणीत मनुष्य स्वतःलाच इतरांच्या मेळ्यात एक मूल म्हणून बाहेरून पाहतो, तिच्यावर मागाहून संस्करण झाल्याचा तो पुरावाच होय. पिवळ्या फुलांच्या कुरणात खेळणारी तीन मुले आणि काळ्या पावाचा तुकडा देणारी शेतकरीण, अशी एका अडतीस वर्षांच्या सुशिक्षित गृहस्थाची आठवण त्याने तेथे उलगडली आहे. हा गृहस्थ म्हणजे खुद्द फ्रॉइडच, हे १९४६ साली बर्नफेल्ड या अभ्यासकाने दाखवून दिले. जबानी देणारा इसम आणि ती घेणारा अंमलदार एकच निघाला!

पुढे १९८३ साली जॉर्जिया नायग्रो आणि उल्रिक नाइसर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी या गोष्टीची पद्धतशीर तपासणी केली. ताज्या आठवणी बहुधा स्वतःच्या डोळ्यांतून दिसतात, जुन्या मात्र पुष्कळदा बाहेरून, असे त्यांना आढळले. त्या वेळी मनाला काय वाटत होते ते आठवा, असे सांगितले की माणसे आत शिरत. काय काय घडले ते आठवा म्हटले की ती बाहेर येऊन उभी राहत.

याचे कारण असे की, स्मृती म्हणजे दफ्तरखान्यात रुमालात बांधून ठेवलेला अस्सल कागद नव्हे. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेटने १९३२ सालीच दाखविले होते की, अपरिचित कथा पुनःपुन्हा आठवून सांगताना माणसे तिला आपल्या ओळखीच्या साच्यात बसवीत जातात. दर खेपेस आपण नक्कल करतो, आणि पुढच्या खेपेस ती नक्कलच अस्सल म्हणून पुढ्यात येते. चार वर्षांच्या मुलाची उंची, मोठ्यांच्या गुडघ्यांपाशी संपणारे त्याचे जग, हे सारे आपण केव्हाच गमावलेले असते. परसाचा नकाशा तेवढा मोठेपणीच्या ज्ञानात पक्का असतो. मग चित्र उभारायचे ते या नकाशावरूनच, आणि उरलेल्या जागा घरच्यांनी सांगितलेल्या हकिकतींनी नि भिंतीवरच्या तसबिरींनी भरून काढायच्या.

हकिकतींचे सामर्थ्य किती, याला झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाइतका नामांकित साक्षीदार मिळणे कठीण. दोन वर्षांचे असताना, पॅरिसमधल्या शाँझेलिझे येथे, बाबागाडीतून आपल्याला पळविण्याचा प्रयत्न झाला आणि दाईने झुंज देऊन तो हाणून पाडला, हे त्यांना तिच्या चेहऱ्यावरच्या ओरखड्यांसकट दिसत असे. ते पंधरा वर्षांचे असताना त्या बाईने पत्र लिहून सारा बनाव कबूल केला, आणि बक्षीस मिळालेले घड्याळही परत केले.

तरीही बाहेरून दिसणारी प्रत्येक आठवण बनावट, असा निवाडा देण्याची घाई करू नये. तेवढ्या बाबतीत मला फ्रॉइड जरा उतावीळ वाटतो. मोठ्या सभेत बोलायला उभा राहिलेला मनुष्य आपण लोकांना कसे दिसत असू या चिंतेने इतका ग्रासलेला असतो की, खरोखर घडलेला तो प्रसंगही पुढे त्याला बाहेरूनच आठवू शकतो.

हे सारे वाचल्यावर एकदा मी त्या हौदावरच्या मुलाच्या अंगात शिरून पाहिले. पोटाला दगडाची कड टोचली, शेवाळाचा वास आला; पण विहीर, रहाट, परस सारे नाहीसे होऊन डोळ्यांपुढे नुसते काळसर हिरवे पाणी उरले. पुन्हा बाहेर आलो, तेव्हा प्रथमच लक्षात आले की माझी पाहण्याची जागा ठरलेली आहे: स्वयंपाकघराच्या मागल्या दाराची पायरी. त्या दुपारी तिथे आत्या तांदूळ निवडीत बसली होती, आणि हा प्रसंग पुढे कित्येक वर्षे, आल्यागेल्याला, तिनेच सांगितला.