गवताची उंची आणि बैलाचा ढेकर

आपल्या घरी येणाऱ्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो सर्व जळाला म्हणजे सुमारे ७०० मेगॅज्यूल उष्णता मिळते. आता कुरणात रवंथ करीत बसलेल्या एका बैलाकडे पाहा. लॅटिन अमेरिकेत मांसासाठी पाळलेले असे एक जनावर वर्षाकाठी सरासरी ५५ किलो मिथेन वायू हवेत सोडते. एक किलो मिथेन जळाला तर सुमारे ५५ मेगॅज्यूल उष्णता निघते. गुणाकार करून पाहा. चार सिलिंडरांहून अधिक ऊर्जा ते जनावर वर्षभरात नुसत्या ढेकरांवाटे उधळून देते!

कोठीपोटातील कारखाना

ही ऊर्जा येते खाल्लेल्या गवतातून. गवतातील सेल्युलोज पचविणे जनावराला स्वतःला जमत नाही. ते काम त्याच्या कोठीपोटातील असंख्य सूक्ष्मजीव करतात. तेथे ऑक्सिजन जवळजवळ नसतो. गवत आंबते, त्यातून जनावराला उपयोगी पडणारी आम्ले तयार होतात आणि हायड्रोजन सुटतो. काही सूक्ष्मजीव हा हायड्रोजन कार्बन डाय-ऑक्साइडशी जोडून मिथेन बनवितात. उष्ण कटिबंधातील गवतावर चरणाऱ्या जनावराच्या आहारातील ६ ते ७ टक्के ऊर्जा अशी वाया जाते.

नुकसान केवळ जनावराच्या मालकाचे नाही. मिथेन हवेत सुमारे १२ वर्षे टिकतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे २७ पट पृथ्वी तापवितो.

कोवळे आणि जून

या प्रश्नाचा अभ्यास करण्यास ब्राझीलसारखा दुसरा देश नाही. तेथे २० कोटींहून अधिक गुरे आहेत आणि त्यांतील बहुसंख्य वशिंडाची आहेत. त्यांपैकी प्रमुख ‘नेलोर’ जातीचे मूळ आपल्या आंध्रातील ओंगोल गुरांत आहे. नेल्लोर या गावावरूनच तिला हे नाव पडले. ही गुरे जे ब्रॅकियारिया गवत खातात, ते मात्र मूळचे आफ्रिकेतील. १९७३ साली स्थापन झालेल्या ‘एम्ब्रापा’ या ब्राझीलच्या कृषिसंशोधन संस्थेने १९८४ साली त्याचा ‘मारांडू’ हा वाण प्रसारित केला. सेराडो या विस्तीर्ण पठारी प्रदेशात तो फार पसरला.

पावसाळ्यात हे गवत झपाट्याने वाढते. पण ते जून झाले की पाने कमी व काड्या अधिक होतात. काडीत लिग्निन असते आणि ते सूक्ष्मजीवांनाही पचत नाही. त्यातच सेराडोत मे ते सप्टेंबर कोरडा काळ असतो. तेव्हा उपाशी जनावराचे वजन घटते, पुढच्या पावसात ते पुन्हा वाढते. ब्राझीलचे लोक अशा जनावराला गमतीने ‘अकॉर्डियन बैल’ म्हणतात. वाजविताना अकॉर्डियनचा भाता फुगतो आणि मिटतो, तसे त्याचे अंग! मात्र वजन घटत असतानाही ढेकर थांबत नाहीत.

असे जनावर कत्तलखान्यात उशिरा पोहोचते, आणि वयाबरोबर मांसाची प्रतही उतरते. स्नायूंना बांधून ठेवणाऱ्या कोलाजेनच्या धाग्यांत वयानुसार रासायनिक बंध वाढत जातात. ते शिजवूनही नीट सुटत नाहीत आणि मांस चिवट लागते. वशिंडाच्या गुरांचे मांस आधीच थोडे चिवट असते. त्यामुळे त्यांच्या बाबतीत वय अधिकच महत्त्वाचे ठरते.

फूटपट्टीचे काम

मग गुरे कुरणात सोडावी तरी केव्हा? उत्तर प्रकाशात सापडते. गवत वाढून वरून येणारा सुमारे ९५ टक्के प्रकाश अडवू लागले, की खालची पाने अंधारात सुकतात आणि झाड काड्या उंच करू लागते. त्या क्षणापूर्वी पाला भरपूर व कोवळा असतो. मारांडूच्या बाबतीत हा क्षण गवत सुमारे २५ सें.मी. उंच झाले की येतो. तेव्हा गुरे आत सोडावी आणि सुमारे १५ सें.मी. गवत उरले की पुढच्या तुकड्यात हलवावी. एवढ्यासाठी साधी पट्टी पुरते!

भागाकार आणि बेरीज

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, वाईट कुरणातील जनावर रोज १४० ग्रॅम मिथेन सोडते आणि त्याचे वजन रोज ३०० ग्रॅम वाढते. चांगल्या कुरणातील जनावर अधिक खाते, म्हणून रोज १८० ग्रॅम मिथेन सोडते, पण वजन ६०० ग्रॅम वाढते. वजन ३०० किलोंनी वाढण्यास पहिल्याला १,००० दिवस लागतील आणि १४० किलो मिथेन निघेल. दुसऱ्याला ५०० दिवस पुरतील आणि मिथेन निघेल ९० किलो. रोजचा आकडा मोठा, तरी एकूण कमी!

पण येथेच थांबू नका. चांगल्या कुरणात हेक्टरी एकाऐवजी दोन जनावरे पोसली जातात असे धरा. पूर्वी चार हेक्टरांवर चार जनावरे मिळून रोज १.२ किलो वजनवाढ आणि ५६० ग्रॅम मिथेन होत असे. आता तेवढीच वाढ एकाच हेक्टरावर होईल आणि मिथेन ३६० ग्रॅम. तीन हेक्टर मोकळे झाले! तेथे झाडे वाढू दिली तर लाभ दुहेरी. पण त्या तिन्ही हेक्टरांवरही गुरेच सोडली तर आठ जनावरांचा मिथेन १,४४० ग्रॅम होईल. मांस चौपट मिळेल, पण वातावरणावरचा भार पूर्वीच्या अडीचपटीहून अधिक होईल. शिवाय कुरणाला नत्रखत घातले तर नायट्रस ऑक्साइड हा आणखी एक उष्णता अडविणारा वायू सुटतो. तोही जमेस धरावा लागतो.

म्हणजे दर किलो मांसामागे मिथेन किती, हा भागाकार शास्त्रज्ञ आणि पट्टी मिळून सुधारू शकतात. जनावरे एकूण किती आणि जमीन किती, ही बेरीज मात्र समाज ठरवितो. वातावरणाला भागाकार कळत नाही, त्याला बेरीजच कळते.

आपल्याकडील दुभत्या जनावरांनाही हाच हिशेब लागू पडतो. फक्त मांसाच्या किलोऐवजी दुधाचा लिटर घ्या. जून कडबा खाणाऱ्या आणि कोवळा हिरवा चारा खाणाऱ्या गाईंचे असे उदाहरण तुम्ही स्वतः मांडून पाहा, आणि भागाकार झाला की बेरीज करायला विसरू नका.