गाभ्याची दुरुस्ती

संगणकावर किंवा मोबाइल फोनवर काम करीत असताना मध्येच एक सूचना पडद्यावर येते : 'नवे अपडेट उपलब्ध आहे. आत्ता बसवायचे की नंतर?' हातातले काम अर्धवट असते. म्हणून आपण 'नंतर' या शब्दावर बोट ठेवतो आणि ती सूचना विसरून जातो. हे अपडेट म्हणजे नेमके काय, ते कशासाठी येते आणि ते लांबणीवर टाकल्याने काय घडू शकते, हे या पाठात समजून घेऊ.

संगणकाचे यंत्र आणि आपण त्यावर वापरतो त्या आज्ञावल्या यांच्यामध्ये राहून दोहोंचा व्यवहार सांभाळणाऱ्या व्यवस्थेला कार्यप्रणाली किंवा 'ऑपरेटिंग सिस्टिम' म्हणतात. विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड ही तिची परिचित उदाहरणे होत. कार्यप्रणालीच्या सर्वांत आतल्या भागास 'कर्नेल' असे नाव आहे. या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ कठीण कवचाच्या आतील गर असा आहे. आपण त्याला गाभा म्हणू. कोणत्या आज्ञावलीला स्मृतीतील किती जागा द्यावी, कोणती फाइल कोणी वाचावी आणि कोणी बदलावी, हे सारे गाभा ठरवतो. इतर आज्ञावल्यांना यंत्राला परस्पर हात लावता येत नाही. त्यांना गाभ्याकडे मागणी करावी लागते. एकत्र कुटुंबात कोठीघराच्या किल्ल्या एकाच जाणत्या व्यक्तीच्या कमरेला असाव्यात, तशी ही रचना आहे. एखादी साधी आज्ञावली बिघडली, तर नुकसान बहुधा तिच्यापुरते राहते. गाभ्यातील दोष मात्र दुष्ट हेतूच्या माणसाला सापडला, तर सगळ्या किल्ल्याच त्याच्या हाती जातात.

इतक्या महत्त्वाच्या भागात दोष राहतातच कसे, असा प्रश्न आपल्या मनात येईल. लिनक्सचे उदाहरण घेऊ. फिनलंडमधील लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये त्याचा गाभा लिहावयास घेतला. आज त्यात दोन कोटींहून अधिक ओळी आहेत आणि त्या लिहिण्यास जगभरातील हजारो जणांचे हात लागले आहेत. अँड्रॉइड फोनही याच गाभ्यावर चालतात. एवढ्या विस्तारात एखादी चूक नजरेतून निसटणे अशक्य नाही.

'डर्टी काऊ' या नावाने ओळखला गेलेला दोष असाच होता. समजा, एका कचेरीतील मूळ नोंदवही सर्वांनी वाचावी, परंतु तिच्यात कोणी लिहू नये, असा नियम आहे. कोणाला काही लिहावयाचे असल्यास कारकून नक्कल करून देतो आणि लिहिणाऱ्याने त्या नकलेवरच लिहायचे असते. गाभाही स्मृतीच्या बाबतीत असेच करतो. परंतु नक्कल तयार होणे आणि तिच्यावर लिहिले जाणे, या दोन क्रियांमध्ये अत्यल्प अवधी असे. नेमक्या त्या अवधीत कोणी नक्कल फेकून दिली, तर लेखणी मूळ नोंदवहीवरच उतरत असे. माणसाला असा क्षण साधणे कठीण. संगणकाला मात्र तोच प्रयत्न थोड्या वेळात हजारो वेळा करता येतो. त्यामुळे मर्यादित अधिकार असलेली व्यक्ती संरक्षित फाइली बदलून संपूर्ण संगणकाचा ताबा घेऊ शकत होती. २००७ पासून गाभ्यात राहिलेला हा दोष ऑक्टोबर २०१६ मध्ये दूर झाला. दुरुस्ती स्वतः टोर्वाल्ड्स यांनी केली आणि ती अवघ्या काही ओळींची होती.

असा दोष आढळल्यास जबाबदार शोधकर्ता तो प्रथम निर्मात्यास खासगीरीत्या कळवतो. मग दोष दूर करणारा मजकूर लिहिला जातो. त्यास 'पॅच' म्हणजे ठिगळ म्हणतात. त्यामुळे दुसरे काही बिघडत नाही ना, हे तपासले जाते आणि नंतर ते अपडेटच्या रूपाने सर्वांकडे पाठवले जाते. अपडेट खरे आहे हे ओळखता यावे, म्हणून त्यावर निर्मात्याची अंकीय स्वाक्षरी असते. यंत्र सुरू होताना गाभा स्मृतीत उतरतो आणि यंत्र बंद होईपर्यंत तोच काम करीत राहतो. म्हणून नवा गाभा बसवल्यावरही यंत्र एकदा बंद करून सुरू करावे लागते. तोपर्यंत सहसा जुना, सदोष गाभाच काम करीत असतो.

ठिगळ तयार झाले म्हणजे धोका टळला, असे मात्र नाही. ठिगळ कोठे लावले आहे हे पाहून छिद्र कोठे होते, याचा अंदाज कोणालाही करता येतो. म्हणूनच अपडेट जाहीर झाल्यानंतर ते न बसवणाऱ्याचा धोका उलट वाढतो.

२०१७ मधील एका घटनेवरून दिरंगाईचे परिणाम स्पष्ट होतात. विंडोजच्या गाभ्यात चालणाऱ्या आणि संगणकांच्या जाळ्यावर फाइलींची देवाणघेवाण करणाऱ्या भागात एक गंभीर दोष होता. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी त्याची दुरुस्ती प्रसिद्ध केली. त्या दोषाचा फायदा घेणारे, अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेकडून चोरीस गेलेले एक साधन १४ एप्रिल रोजी उघड करण्यात आले. १२ मे रोजी त्याच्याच आधारे 'वॉनाक्राय' नावाची घातक आज्ञावली जगभर पसरली. ती फाइली कुलूपबंद करून त्या सोडवण्यासाठी खंडणी मागत असे. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील २३६ न्यासांपैकी किमान ८१ न्यासांच्या कामकाजात अडथळा आला. अंदाजे १९,००० भेटी व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या, असे तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने नमूद केले आहे. काही भागांतील रुग्णांना तातडीच्या उपचारांसाठी दूरच्या रुग्णालयात जावे लागले. बाधित संगणकांपैकी बहुसंख्य संगणकांसाठी दुरुस्ती जवळजवळ दोन महिने आधीच उपलब्ध होती. ती बसवलेली नव्हती, इतकेच.

रुग्णालयांच्याही अडचणी होत्या. अहोरात्र चालणारी यंत्रे बंद ठेवणे सोपे नसते आणि जुनी उपकरणे नव्या आवृत्तीशी जुळतीलच असे नाही. तथापि, दुरुस्ती करणे हे जसे निर्मात्याचे काम, तसे ती बसवणे हे वापरणाऱ्याचे काम आहे. यांपैकी एक राहिले, तर दुसऱ्याचा उपयोग होत नाही.

आपल्यापुरते करण्याजोगे फारसे अवघड नाही. अपडेट नेहमी यंत्राच्या 'सेटिंग्ज' या भागातूनच घ्यावे; अनोळखी संदेशातील दुव्यावरून घेऊ नये. ते घेण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळी ठेवावी. यंत्र पुन्हा सुरू करण्यास सांगितले, तर हातचे काम संपताच तसे करावे. ज्या फोनला किंवा संगणकाला निर्मात्याकडून सुरक्षा अपडेट येणे थांबले आहे, त्यावर बँकेचे व्यवहार करणे टाळावे. घराच्या दाराची कडी सैल झाल्याचे लक्षात आले, तर आपण ती रात्रीपूर्वी बसवून घेतो. पडद्यावरील ती लहानशी सूचना आपल्याला हेच सांगत असते.