अंडं धुवायची घाई नको

कोंबडीच्या अंगाचं तापमान सुमारे ४१ अंश. अंडं बाहेर पडतं तेव्हा तेही तेवढंच गरम आणि जरा ओलसर असतं. काही मिनिटांत ती ओल वाळते आणि कवचावर एक पातळ लेप बसतो. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. ती हा लेप झाकून ठेवतो. खुराड्यातून आणलेल्या अंड्यावर विष्ठेचा डाग दिसला की हात आपोआप पाण्याकडे जातो, आणि त्या पाण्यानं हा लेपच निघून जातो.

त्यातही माठाचं गार पाणी सगळ्यांत वाईट. गरम अंडं गार पाण्यात पडलं की आतला द्रव आकसतो आणि छिद्रांतून घाणेरडं पाणी आत ओढलं जातं. साल्मोनेलासारख्या जंतूंना ही आयती वाट.

अमेरिकेत दुकानातली अंडी धुतलेली असतात, म्हणून ती पुढे सतत थंडच ठेवावी लागतात. युरोपीय संघात पहिल्या दर्जाची अंडी सहसा धुवायचीच नाहीत, असा नियम आहे. वीज कधी जाईल याचा भरवसा नसलेल्या घराला मला ही दुसरी रीत जवळची वाटते.

मग डाग पडूच नये, हे बघायचं. आमच्या आर्णीच्या काळ्या मातीचा पावसाळी चिखल कोंबडीच्या पायांतून थेट अंड्यावर येतो. म्हणून अंडी घालायच्या टोपलीत कोरडं कुटार हवं, आणि ओलं झालं की त्याच दिवशी बदलायला हवं. रात्री कोंबड्या टोपलीत झोपू लागल्या तर सकाळपर्यंत ती विष्ठेनं भरते. वाळलेला डाग कोरड्या फडक्यानं हलकेच पुसावा. फारच बरबटलेलं अंडं असेल तर अंड्यापेक्षा गरम पाण्यात पटकन धुऊन, कोरडं करून, त्याच दिवशी नीट शिजवून खावं. तडकलेलं मात्र टाकूनच द्यावं.

उन्हाळ्याची गोष्ट वेगळी. कळपात कोंबडा असेल तर अंड्यात जीव धरलेला असू शकतो, आणि साधारण २१ अंशांच्या वर तो हळूहळू वाढूही लागतो. मे महिन्यात पत्र्याखालच्या खुराड्यात काय होत असेल! बहुतेक कोंबड्या सकाळीच अंडी घालतात. दुपारची वाट न पाहता ती गोळा करून घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात, निमुळतं टोक खाली करून ठेवावीत. फ्रिजमध्ये ठेवली तर तिथंच राहू द्यावीत. बाहेर काढलेल्या थंड अंड्याला घाम फुटतो आणि कवच पुन्हा ओलं होतं.

पाण्यात ताजं अंडं तळाशी आडवं पडतं, जुनं उभं राहतं, फार जुनं तरंगतं. ही परीक्षा करायची ती चुलीवर तवा चढल्यावरच. भिजलेलं अंडं परत टोपलीत ठेवू नये.