प्लॉट पडले, विहीर बुजली. सुगरणीने जायचे कुठे?

सावद्याच्या चहूबाजूंनी आज प्लॉट पडताहेत. कालपर्यंत जिथे केळीचा बाग होता तिथे मुरमाचा रस्ता, चुन्याच्या रेघा आणि 'बिनशेती' असा फलक उभा आहे. घर आपल्यालाही हवे आहे, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. एका खोलीत सहा-सात माणसे झोपणाऱ्या कुटुंबांना पाखरांचे नाव सांगून घर बांधू नका म्हणणारा कुणी भेटला, तर त्याचे नि आमचे जमायचे नाही. पण प्रश्न घराचा नाहीच. पुढे चार-चार वर्षे मोकळा पडून राहणारा प्लॉट साफ करायला नेमका आषाढच का लागतो, आणि विहिरीवरची बाभूळ तेव्हाच का पडते, हा आमचा प्रश्न आहे.

त्या बाभळीवर सुगरणींचे खोपे असतात. आपल्याकडे पाणी खोल गेले, विहिरी आटल्या, बोअर आले. मग विहीर म्हणजे अडचण! ती बुजवायची आणि काठावरचे झाड मुळासकट काढायचे. मांजर, साप, मुंगूस यांना पोचता येऊ नये म्हणून हा पक्षी पाण्यावर लोंबणारी फांदी निवडतो. म्हणजे एका विहिरीबरोबर एक घर जात नाही, पंधरा-वीस घरांची सबंध वस्ती जाते.

हा खोपा होतो कसा, हे मुलाबाळांना जरूर सांगावे. बांधणारा असतो नर. गवताची, उसाची, शिंदीची पाती चिरून तो लांब धागे काढतो आणि शेकडो फेऱ्या मारून विणत राहतो. पूर्ण व्हायला सुमारे १८ दिवस लागतात. अर्धवट झाला की मादी पाहायला येते, आत शिरून तपासते. पसंत पडला तर राहते, नाही तर निघून जाते. सालिम अलींची नोकरी गेली होती तेव्हा ते अलिबागजवळच्या किहीमला राहिले, आणि १९३० च्या पावसाळ्यात त्यांनी तिथल्या सुगरणींचे खोपे दिवसचे दिवस बसून पाहिले. एका खोप्यात मादी स्थिरावली की नर शेजारीच दुसरा खोपा बांधायला घेतो आणि दुसरी मादी आणतो, हे त्यांनी नोंदवले. (घर सजवणारी सुगरण बाई, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या समजत आलो. बांधकाम सारे बाप्यांचे निघाले!) अंडी उबायला साधारण दोन आठवडे, पिल्ले उडायला आणखी दोन-अडीच. पावसाच्या तोंडापासून दसऱ्याच्या आसपास हा सारा संसार चालतो. नंतर खोपे रिकामे. मग त्यात कधी मुनिया अंडी घालते, पण सुगरणीला त्या जुन्या खोप्याची गरज उरत नाही.

हेच काम दिवाळीनंतर केले तर? प्लॉट तोच, पैसे तेच, जेसीबीचे भाडे तेच.

कायदाही हेच म्हणतो. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या वाचून पाहा. वन्य पक्ष्यांची अंडी फोडणे, अंड्यांना किंवा घरट्यांना धक्का लावणे हेही शिकारीतच मोडते. बंदूक हातात असायला हवी असे नाही.

आणि इथे आपल्या घरांचा संबंध येतो. सप्टेंबर २०२२ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात महामार्ग रुंद करताना घरट्यांनी भरलेले झाड पाडले गेले. पिल्ले रस्त्यावर पडून मेली, लोकांनी चित्रफीत काढली, वनखात्याने गुन्हा नोंदवला. ताब्यात कोण घेतला गेला? यंत्र चालवणारा. वाचकहो, जेसीबीवर कोण बसतो, कुऱ्हाड कोणाच्या हातात असते, बिगारी कोण असतो? प्लॉटचा मालक जळगावला बसून असतो आणि पंचनाम्यात नाव येते ते आपल्या पोराचे. म्हणून हा विषय आम्ही या पानावर घेतला. झाडावर खोपे हलताना दिसले तर 'शेठ, दिवाळीनंतर तोडू' एवढे म्हणायचा हक्क मजुराला आहे, आणि त्यातच त्याचा बचाव आहे.

पिल्ले असताना हात राखावा, हा विचार आपल्याला परका नाही. सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतर २६ वर्षांनी कोरलेल्या पाचव्या स्तंभलेखात पोपट, मैना, हंस अशा पक्ष्यांना अभय दिले. गाभण वा पाजत्या शेळ्या-मेंढ्या मारू नयेत, विनाकारण रान जाळू नये, असेही त्यात लिहिले आहे.

मोठ्या शहरात माणसे कोर्टापर्यंत गेली. नवी मुंबईत सीवूडच्या पाणथळीवर सिडकोने गोल्फचे मैदान आणि इमारती योजल्या होत्या. रोहित पक्षी तिथे घरटी करत नाहीत, कच्छच्या रणात करतात. इथे येतात ते चरायला नि विसाव्याला. तरी रहिवासी लढले आणि २०१८ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. वकील, फी, तारखा हे आपल्याला झेपणारे नाही. आपल्याला झेपतो तो अर्ज, आणि अर्ज लिहिण्यात आमची उभी नोकरी गेली आहे.

नगरपालिकेच्या हद्दीत झाड तोडायला १९७५ च्या झाडे संरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. तशी नोटीस झाडावर चिकटवावी लागते. ती वाचा. हरकत लेखी द्या, दोन प्रती करा, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तोंडी सांगितलेले कार्यालयात कोणी ऐकत नाही. अर्जात 'झाड वाचवा' एवढेच न लिहिता 'खोप्यांत पिल्ले आहेत, तोड ऑक्टोबरनंतर करावी' असे नेमके लिहा. नेमकी मागणी नाकारणे साहेबांनाही जड जाते. हद्दीबाहेरचे नियम वेगळे आहेत, ते तलाठ्याकडे विचारावेत. काम सुरूच झाले असेल तर वनखात्याचा १९२६ हा फुकटचा क्रमांक फिरवा. आपला भाग यावल वनविभागाच्या रावेर परिक्षेत्रात येतो, हे फोनवर आधी सांगावे म्हणजे वेळ वाचतो.

ज्यांचे घरकुल मंजूर झाले आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. धाब्याच्या घरात सऱ्याच्या फटीत चिमणी राहायची; स्लॅबच्या घरात तिला फटच नाही. गवंड्याला सांगून छताखाली मुठीएवढे एक भोक ठेवून घ्यावे, सावलीच्या बाजूला. प्लास्टर व्हायच्या आत सांगावे.