गीतेंतील विषाद आणि धीर



घरांत दुःखद प्रसंग ओढवला, म्हणजे समाचाराला येणारीं माणसें बहुधा गीतेंतील एकच विचार सांगून जातात. आत्मा अमर आहे, शोक करूं नये. विचार खोटा नाहीं. परंतु पुत्रशोकानें बसलेल्या मातेला तिसऱ्याच दिवशीं तो ऐकविला, तर धीर येण्याऐवजीं तिला आपल्या अश्रूंचीच लाज वाटूं लागते. आपली श्रद्धाच कच्ची, असें तिला वाटतें. गीतेचा असा उपयोग करावा, असें खुद्द गीतेंत तरी मला कोठें दिसत नाहीं.

पहिला अध्याय उघडून पाहावा. नित्य पाठ म्हणणारे पुष्कळजण तो भराभर उरकतात, कारण त्यांत तत्त्वज्ञान नाहीं. त्यांत आहे तें एका शूर पुरुषाचें खचणें. हातांतून गांडीव गळतें, तोंडाला कोरड पडते, अंगाचा दाह होतो, उभें राहवत नाहीं. या संबंध अध्यायांत श्रीकृष्णांच्या मुखीं अवघा अर्धा श्लोक आहे, आणि तोहि जमलेल्या कौरवांकडे पाहा, एवढेंच सांगणारा. बाकीचा वेळ ते ऐकत आहेत. या खचलेल्या मनाच्या वर्णनाला परंपरेनें 'अर्जुनविषादयोग' असें नांव दिलें. विषादालाहि योगांच्या पंक्तीला बसविलें. ज्ञानेश्वर महाराजांनीं तर, कोरडें लाकूड सहज पोखरणारा भुंगा कोंवळ्या कळींत अडकतो, हा दृष्टांत देऊन हें दौर्बल्य स्नेहांतून आलें आहे, असें दाखविलें.

जन्मभर मुलांना शिकविण्याचें काम केल्यामुळें दुसऱ्या अध्यायाचा आरंभ मला फार महत्त्वाचा वाटतो. तेथें श्रीकृष्ण दोन श्लोकांत अर्जुनाची चांगलीच खरडपट्टी काढतात. त्याचा उपयोग काय झाला? कांहीं नाहीं. अर्जुन आपलीं कारणें पुन्हा मांडतो, शिष्य म्हणून शरण आल्याचें सांगतो, आणि तरीहि 'लढणार नाहीं' म्हणून गप्प बसतो. तेव्हां कोठें, किंचित् हसून, खरा उपदेश सुरू होतो. रागावण्यानें दोन श्लोकांत जें झालें नाहीं, तें समजावण्यानें होण्यास अठराव्या अध्यायापर्यंत जावें लागलें.

मध्यंतरीं शंका थांबलेल्या नाहींत. आत्म्याचें अमरत्व ऐकून झाल्यावरहि तिसऱ्या अध्यायाच्या प्रारंभीं अर्जुन, आपल्याला घोटाळ्यांत पाडल्याची तक्रार करतो. सहाव्यांत, मन वाऱ्यासारखें आवरत नाहीं, असें म्हणतो. उत्तराची सुरुवात होते ती, तुझें म्हणणें खरें आहे, या कबुलीनें! मग तो विचारतो कीं, श्रद्धा आहे पण प्रयत्न अपुरा पडला, अशा माणसाचा फाटलेल्या ढगाप्रमाणें नाश होतो काय? यावर श्रीकृष्ण त्याला 'तात' असें मायेनें संबोधून सांगतात कीं, चांगलें करणाऱ्याची दुर्गति होत नाहीं. संकटांत सांपडलेल्यानें प्रथम वाचावी ती ही जागा, असें माझें मत आहे.

संशयी मनुष्य नाश पावतो, हें चौथ्या अध्यायांतील वचन अशा वेळीं कांहीं लोक तोंडावर फेकतात. तेथें अज्ञान, अश्रद्धा आणि संशय हे तिन्ही एकत्र आले आहेत. तळमळून विचारणारा तो नव्हे. त्याच अध्यायांत थोडें अगोदर, ज्ञान मिळवावें तें प्रश्न विचारून, असेंहि सांगितलें आहे.

वाचण्याची घाई मात्र करूं नये. 1932 सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनीं गीतेवर प्रवचनें केलीं, तीं 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत, दर रविवारीं एक याप्रमाणें 18 झालीं. साने गुरुजींनीं तीं लिहून घेतलीं. आठवड्याला एक अध्याय, ही गति घरींहि बरी.

आणि एवढें ऐकलेला अर्जुन पुढें अभिमन्यूच्या वधाच्या वार्तेनें शोकव्याकुळ झालाच. महाभारतकारांनीं तें लपविलें नाहीं. युद्ध संपल्यावर तर, तेव्हां सांगितलेलें माझ्या मनांतून गेलें, असें आश्वमेधिक पर्वांत तो श्रीकृष्णांना सांगतो. त्यांना तें आवडलें नाहीं. तें सर्व जसेंच्या तसें पुन्हा सांगणें आतां शक्य नाहीं, असें ते म्हणाले. पण उठून गेले नाहींत. एक जुना इतिहास काढून त्यांनीं तोच विषय निराळ्या शब्दांत सांगावयास घेतला. त्या भागाला अनुगीता म्हणतात.