पॅलेस्टिनी खेड्यांतील स्वयंसेवी भाषावर्ग

जॉर्डन नदीच्या पश्चिमेला असलेल्या आणि १९६७पासून इस्रायलच्या लष्करी ताब्यात असलेल्या ‘वेस्ट बँक’ या पॅलेस्टिनी प्रदेशातील खेड्यांत मुलांना इंग्रजी, क्वचित फ्रेंच, शिकवण्यासाठी परदेशी स्वयंसेवक जात आले आहेत. या कामाकडे पाहुण्यांचा परोपकार म्हणून पाहण्याची सवय असली, तरी त्याची मुळे स्थानिक आहेत. डिसेंबर १९८७मध्ये पहिला ‘इंतिफादा’, म्हणजे ताब्याविरुद्धचा जनउठाव, सुरू झाल्यावर १९८८च्या आरंभी लष्करी आदेशाने वेस्ट बँकेतील शाळा बंद करण्यात आल्या. तेव्हा शिक्षक, महाविद्यालयीन विद्यार्थी आणि गृहिणी यांनी घरांत, मशिदींत आणि चर्चमध्ये वर्ग भरवले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वस्त्यावस्त्यांतील लोकसमित्या बेकायदा ठरवल्या गेल्यावर असे शिकवणे हाही गुन्ह्याचा विषय झाला. रामल्लाजवळचे बिरझेत विद्यापीठ तर जानेवारी १९८८पासून १९९२पर्यंत बंद होते. शाळा नसताना शिक्षण कसे चालवावे, याचा धडा या समाजाने कोणा पाहुण्याकडून घेतलेला नाही.

इंग्रजीला मागणी येते ती अभ्यासक्रमातून. पॅलेस्टिनी प्राधिकरणाने २०००पासून स्वतःचा अभ्यासक्रम आणला आणि इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाऊ लागली. त्याआधी वेस्ट बँकेत जॉर्डनचा अभ्यासक्रम चाले आणि इंग्रजी पाचवीत सुरू होई. ‘तौजिही’ या शालान्त परीक्षेत इंग्रजीचा पेपर असतो आणि पुढे विद्यापीठांतील बरेचसे विज्ञान व अभियांत्रिकी याच भाषेतून शिकावे लागते. शाळेतील शिक्षकाचा वेळ पाठ्यपुस्तक पुरे करण्यात जातो, बोलण्याचा सराव मागे पडतो, आणि ज्याला अरबी येत नाही असा माणूस समोर उभा राहिला की मुलाला इंग्रजी बोलण्यावाचून गत्यंतर उरत नाही. स्वयंसेवकाचा खरा उपयोग एवढाच, पण तो लहान नव्हे.

तरीही अरबीची काहीच ओळख नसलेला शिक्षक लवकर अडखळतो. अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात, तिच्यात मोठी आणि छोटी अशी वेगळी अक्षरे नाहीत, ‘प’ हा ध्वनी नसल्यामुळे मुले त्या जागी ‘ब’ उच्चारतात, आणि वर्तमानकाळात ‘आहे’ या अर्थाचे क्रियापद लागत नसल्याने इंग्रजी वाक्यातूनही ते सहज गळते. ज्याला हे ठाऊक नसते तो याला मुलांचा निष्काळजीपणा समजतो. वस्तुतः घरी बोलीभाषा बोलून शाळेत ‘फुस्हा’, म्हणजे प्रमाण अरबी, वाचणारे हे मूल इंग्रजीपूर्वीच भाषेची दोन रूपे सांभाळत असते. नाब्लस शहरात २००३पासून काम करणाऱ्या ‘प्रोजेक्ट होप’ या संस्थेने परदेशी स्वयंसेवकाला स्थानिक तरुणांची जोड दिली, ती याच दृष्टीने शहाणपणाची म्हणावी लागते.

वर्ग कोठे भरतो, यावरही बरेच अवलंबून असते. १९९५च्या दुसऱ्या ओस्लो कराराने वेस्ट बँकेचे अ, ब आणि क असे विभाग पाडले. त्यांपैकी सुमारे ६० टक्के भूभाग व्यापणाऱ्या ‘क’ विभागात बांधकामाचा परवाना इस्रायली प्रशासन देते आणि पॅलेस्टिनींना तो क्वचितच मिळतो. खान अल-अहमर या बेदुइन वस्तीत २००९मध्ये एका इटालियन संस्थेच्या मदतीने जुने टायर आणि माती वापरून शाळा उभी राहिली, ती यामुळेच. बेथलेहेमजवळच्या जुब्बत अद-दीब येथील शाळा मात्र मे २०२३मध्ये पाडली गेली. हेब्रॉनच्या दक्षिणेकडील अत-तुवानी या गावी इस्रायली वसाहतवाद्यांच्या हल्ल्यांच्या भीतीने २००४पासून परदेशी स्वयंसेवक शेजारच्या तुबा वस्तीतील मुलांच्या शाळेच्या वाटेवर सोबत व पहारा करू लागले. धडा देण्याआधी मुलाला वर्गापर्यंत सुखरूप आणावे लागते, हे अशा ठिकाणी कळते.

या कामाचा मोठा दोष म्हणजे त्याची अल्पमुदत. पर्यटक व्हिसाची मुदत साधारण तीन महिने असते; त्यामुळे नवा पाहुणा आला की मुलांची गाडी पुन्हा रंग, प्राणी आणि ‘तुझे नाव काय’ या स्थानकांवरून सुटते, आणि पाहुणा जितकी अरबी शिकून परततो तितकी इंग्रजी मागे ठेवतो की नाही, अशी शंका घ्यायला जागा राहते. वेस्ट बँकेत जाणाऱ्या परदेशी नागरिकांसाठी इस्रायलने ऑक्टोबर २०२२पासून नवे, अधिक काटेकोर नियम लागू केले. ऑक्टोबर २०२३नंतर नाकेबंदी वाढून गावांमधला प्रवासच अवघड झाला. परदेशी माणसावर बेतलेला वर्ग अशा वेळी प्रथम बंद पडतो. त्या मानाने बिरझेत विद्यापीठाची प्रथा अधिक टिकाऊ दिसते. तेथे पदवीसाठी प्रत्येक विद्यार्थ्याला १२० तास समाजकार्य करावे लागते, आणि या विद्यार्थ्याला गावात मुक्कामासाठी व्हिसा लागत नाही, दुभाषाही लागत नाही.