सेल्फ फिरतोय, पण गाडी उठत नाही

मेकॅनिकल पंपाची जुनी डिझेल पिकअप सकाळी दमवत असेल, तर पंप उतरवायची घाई नको. बिचारा बहुतेकदा निर्दोष असतो. आधी सायलेन्सर बघा. सेल्फ मारताना पांढरा धूर येतोय म्हणजे डिझेल पोचतंय, पण जळत नाही. मग हीटर प्लग, कॉम्प्रेशन आणि बॅटरी तपासा. सेल्फ फिरताना १२ व्होल्टची बॅटरी साडेनऊच्या खाली उतरली, तर इंजिनाला वेगच मिळत नाही.

धूरच नसेल तर डिझेल अडलंय किंवा लाइनमध्ये हवा शिरली आहे. फिल्टरवरचा हातपंप मारल्यावर गाडी लगेच उठली, तर हवेवर संशय घ्या. टाकीपासून पंपापर्यंतची लाइन ओढीची असते. तिथली फट हवा आत घेते, बाहेर मात्र थेंबही दिसत नाही. म्हणून पंपाआधी पारदर्शक नळीचा तुकडा जोडा. त्यात बुडबुडे धावताना दिसले की कडक झालेला रबरी पाइप, फिल्टरचं सील आणि पुन्हा वापरलेले तांब्याचे वॉशर बदला.

एअर फिल्टरमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारायची खोड मात्र सोडा. तापलेल्या हीटर प्लगवर तो अवेळी पेटतो आणि पिस्टन फुटू शकतो.